दिवा नको, आकडा सांगा

तिळगुळाचा चिकटा बोटांना लागला म्हणून वसुंधरा हात धुवायला लतिकाच्या स्वयंपाकघरात गेली आणि नळ पिरगाळताच कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. फार नाही. हातातला चमचा पडावा इतक्याही नाही. पण तिने हात झटकन मागे घेतला, तोंडातून "आई गं" निघालं, आणि बाहेरच्या खोलीत हळदीकुंकवाला जमलेल्या बायका खदखदून हसल्या. लतिका, पहिल्या मजल्यावरची तिची जुनी शेजारीण, पदर सावरत आत आली. "अगं, चपला! चपला नाही घातल्यास?" म्हणत तिने पायानेच ओट्याखालून रबरी चपलांचा जोड पुढे सरकवला. "पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवल्यात. बाहेरच्या नाहीत हो, देवालासुद्धा चालतात." वसुंधराने त्या घातल्या, हात धुतले, वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची गाळणी घेतली आणि बायकांमध्ये येऊन बसली. तेव्हा तिला कळलं की वसईच्या त्यांच्या मोगरा सोसायटीत थंडी पडून गिझर सुरू झाले की सगळ्यांच्याच नळांना मुंग्या येतात. कोणी ओट्यासमोर लाकडी पाट टाकला आहे, कोणी नळाला फडकं गुंडाळलं आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नाने तर सासूबाईंना लाटण्याने नळ उघडायला शिकवलं आहे. लोणच्याची कृती सांगावी तशा त्या हे एकमेकींना सांगत होत्या. वसुंधराच्या घरी नळांना प्लास्टिकच्या तोट्या होत्या, नवऱ्याने, हर्षवर्धनने, स्वस्त पडतात म्हणून बसवलेल्या, म्हणून तिला इतके दिवस पत्ताच नव्हता. "तुला नाही का येत मुंग्या? मग तुझं घर कोरडंच गं!" कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. वसुंधराही हसली. हसताना तिला स्वतःचा राग आला.

तिसऱ्या मजल्यावर चढताना हाताची झिणझिण केव्हाच गेली होती, पण ती मनगट चोळत होती. घरात शिरल्यावर तिची नजर सवयीने कपाटावर गेली. कपाटावर जुन्या पैठणीच्या फडक्यात गुंडाळलेलं वायरिंग तपासायचं मशीन होतं, आणि उद्या सकाळी ते जाणार होतं. पापडीचा फ्रेडरिक, इलेक्ट्रिकचा मोठा कॉन्ट्रॅक्टर, चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून ते न्यायला येणार होता. हे हर्षवर्धनने जमवलं होतं. तिच्या नवऱ्यात वाईटपणा नावाला नव्हता, हीच तर अडचण होती. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. मशीन आलं त्या दिवसापासून तो त्याला 'जावईबापू' म्हणायचा. "जावईबापूंना दसऱ्याचं सोनं दिलंस का?" "जावईबापू उठले का अजून, की कपाटावरच लोळतायत?" आणि मग महिनाभरापूर्वी चहा ढवळता ढवळता, "वसू, बँकेत फ्रेडरिक भेटला होता. त्याला असलंच मशीन हवंय. जवळजवळ पूर्ण किंमत देतोय. बघ बाई, तुझी तू ठरव." तुझी तू ठरव म्हणताना त्याने ठरवून टाकलं होतं, आणि ती "बरं" म्हणाली होती. त्यांच्या संसारात बरं हा शब्द इतका वापरला गेला होता की तो आता कोण म्हणालं हेसुद्धा लक्षात राहत नसे.

मशीन महाग होतं, यात वाद नव्हता. ती नोकरीला होती तो कारखाना बंद पडला तेव्हा व्हीआरएसचे जे पैसे आले, त्यातले निम्मे मुलीच्या, सुरुचीच्या, शिक्षणासाठी ठेवले आणि उरलेल्यातला मोठा तुकडा वसुंधराने लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या एका दुकानात नेऊन दिला. दुकानदाराने आधी तिला गळती तपासणारा, हाताने फिरवायचा मेगर दाखवला, मग एक देशी मीटर, मग दोन-तीन वेगवेगळे डबे, आणि हे सगळं घेऊनही किती वाचतील ते सांगितलं. त्याचं खोटं नव्हतं. घरातल्या वायरिंगची गळती, अर्थिंगच्या वाटेतला अडथळा, फ्यूज वेळेवर उडेल की नाही, हे सगळं त्या वेगवेगळ्या डब्यांनीही कळलं असतं, थोडी जास्त खटपट करून. हे विलायती मशीन तेच एका हातात सांगत होतं, झटकन आणि दशांशापर्यंत. "मॅडम, हे मोठमोठ्या प्रोजेक्टवाले नेतात. तुम्ही कोणासाठी घेताय?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी." दुकानदाराने बिलावर कंपनीचं नाव विचारलं तेव्हाही तिने स्वतःचंच सांगितलं. एखाद्या बाईने स्वतःसाठी बांगड्या कराव्यात तशी ती ते पिशवीत घालून घरी घेऊन आली होती, आणि इतकी खूश होती की विरार फास्टच्या वेळा विचारायचंही भान राहिलं नव्हतं. पुढे विजेच्या कामाच्या सुपरवायझरचं लायसन निघालं, दारावर पाटी लागली, पण काम काही आलं नाही. जी दोन-चार माणसं आली त्यांना न तपासता कागदावर नुसती सही हवी होती. वायरिंग तपासायला घरी येते म्हटल्यावर ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. मग मशीन कपाटावर गेलं. पैसे वाया गेले असं घरात कोणी म्हणत नव्हतं. सगळे नुसते कपाटाकडे बघायचे.

तिला ते का हवं होतं, हे ती हर्षवर्धनला नीट सांगू शकली नव्हती. सांगायला गेलं असतं तर त्यात गोरेगावच्या कारखान्यातलं ते लांब टेबल आलं असतं. घरगुती स्विच आणि सॉकेट बनायचे तिथे. टेबलाच्या एका बाजूला पांढरे डगले घातलेल्या बायका. समोर प्रत्येकीला एक लाकडी खोका, त्यावर दोन दिवे. स्विच खोक्यात दाबायचा, हिरवा लागला की डावीकडे, लाल लागला की उजवीकडे. वसुंधरा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन आली होती, तरी तिलाही खोकाच मिळाला, कारण काचेच्या केबिनमध्ये जागा नव्हती. आकडा दाखवणारं खरं उपकरण त्या केबिनमध्ये असायचं, काचेच्या कपाटात, कुलपात. परदेशी पाहुणे आले की बाहेर निघायचं. सुरुवातीला ती विचारायची, "बॅप्टिस्टसाहेब, हिरवा लागला, पण किती?" बॅप्टिस्ट हा टेस्टिंगचा इन्चार्ज, नंदाखालचा, पानाने ओठ लाल झालेला देवमाणूस. तो तिच्या खांद्यावरून वाकून हिरव्या दिव्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पोरी, तुला आकडा कशाला? हिरवा लागला ना? मग पुढे सरकव." पुढे सरकवता सरकवता तिची लग्नाची वर्षं गेली, बाळंतपण गेलं, केसांत रुपेरी आलं. संध्याकाळी डोळे मिटले की पापण्यांच्या आत हिरवं दिसायचं. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की ते खोकं कारखान्यात राहत नाही, तिच्याबरोबर घरी येतं. आईला पोटाचं दुखणं लागलं तेव्हा भावाने डॉक्टरचा रिपोर्ट खिशात घातला आणि म्हणाला, "ताई, ठीक आहे, काळजी नको." वसुंधराने विचारलं, "पण किती वाढलंय?" तर तो म्हणाला, "तुला काय कळणार त्यातलं? ठीक आहे म्हटलं ना?" श्रावणात आई गेली. त्या ठीक आहेच्या आत काय होतं ते तिला कधी कोणी उघडून दाखवलं नाही, आणि याबद्दल तिने भावाला अजून माफ केलेलं नव्हतं.

कारखान्याच्या शेवटच्या दिवशी बायका रडत होत्या, फोटो काढत होत्या. बॅप्टिस्टने तिला केबिनमध्ये बोलावलं, काचेचं कपाट उघडलं, आणि ते उपकरण तिच्यासमोर ठेवलं. तिने आपल्या टेबलावरचे हिरवे ठरलेले चार-सहा स्विच आणले आणि एकेक लावून बघितला. एकाचा आकडा मजबूत होता, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा, आणि एक स्विच तर मर्यादेच्या काठावर कसाबसा उभा होता, पावसाळ्याची एक ओल लागली असती तर गेलाच असता. सगळे हिरवे. तिच्या आयुष्यभराच्या डावीकडच्या ढिगात यातले कोणते किती होते, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. बॅप्टिस्ट म्हणाला, "बघितलंस? झालं समाधान?" समाधान कसलं होतंय. तिने तो काठावरचा स्विच पुन्हा लावून बघितला, आकडा तोच आला. पण तो आकडा बघताना तिला पहिल्यांदाच आपण कोणीतरी आहोत असं वाटलं होतं. ते वाटणं विकत मिळतं का, असं कोणी विचारलं असतं तर तिने लोहार चाळीतलं बिल दाखवलं असतं.

फडकं सोडून तिने मशीन खाली काढलं. हर्षवर्धन टीव्हीसमोर होता. त्याला वाटलं, उद्यासाठी पुसून ठेवतेय. तिने स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये प्लग घातला, बटण दाबलं, मशीनने क्षणभर विचार केला आणि अर्थिंगचा आकडा दाखवला. दोनशे चाळीस. तिने पुन्हा दाबलं. दोनशे अडतीस. असल्या घरात तो फार तर चार-पाच ओहम असायला हवा. म्हणजे अर्थिंगची तार भिंतीत होती, सॉकेटचं तिसरं भोकही होतं, पण त्यातून जमिनीत जायला वाट नव्हती. कोणाच्या तरी गिझरमधून गळणारी वीज तारेत शिरत होती आणि जमीन सापडत नाही म्हणून पाण्याच्या पाइपांमधून बिल्डिंगभर हिंडत होती. इतक्या अडथळ्यातून फ्यूज उडवण्याइतका जोर कधीच जाणार नव्हता. आज गळती थोडी होती म्हणून मुंग्या होत्या. उद्या एखाद्या गिझरची कॉइल पुरती फुटली तर ओल्या अंगाने नळ धरणारी बाई तो सोडू शकणार नव्हती. वसुंधराच्या डोळ्यांसमोर स्वप्नाची सासू आली, हातात लाटणं घेतलेली. म्हातारी लाटणं विसरली की संपलं.

"राऊतांना सांग ना," हर्षवर्धन म्हणाला. मनापासून म्हणाला. राऊत म्हणजे चंद्रहास राऊत, सोसायटीचे चेअरमन, तळमजल्यावर राहायचे. त्यांनीही मनापासून ऐकून घेतलं आणि लगेच कृष्णाला बोलावलं. कृष्णा हा सोसायटीचा नेहमीचा वायरमन, चिंचोटीचा. खिशात होल्डर, होल्डरला दोन वायरी, होल्डरमध्ये बल्ब, हे त्याचं सगळं दुकान. त्याने लतिकाच्या सॉकेटमध्ये एक वायर फेजला आणि एक अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख पेटला. दारात जमलेल्या बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"बघा ताई, पेटला का नाय? मंग झालं. अर्थिंग फस्टक्लास. तुमच्या नळाला पानीच खारं येतं, त्याच्या मुंग्या त्या."

"कृष्णा, बल्बला पेटायला चिमूटभर वीज पुरते रे. फ्यूज उडवायला बादलीभर लागते. ती जाते का ते बघायला हवं."

"ते मला नाय म्हाईत. पन बल्ब खोटं बोलत नाय."

त्याचंही खरं होतं. बल्बला जे विचारलं तेवढंच तो सांगत होता. राऊत हसून म्हणाले, "वहिनी, तुमचं मशीन फार हुशार आहे, त्याला सगळीकडे आजारच दिसणार." सगळे हसले, आणि आपापल्या घरी गेले. वसुंधरा जिन्यात उभी राहिली. बल्ब हिरवा नव्हता, पिवळा होता, तरी तिला तो हिरवाच दिसला होता. म्हणजे टेबल तेच, खोकं तेच, फक्त कारखाना बंद पडला होता.

सकाळी उठल्या उठल्या तिने अर्थिंगचा खड्डा शोधायला घेतला. बिल्डर कसलाही असला तरी खड्डा खणलेला असणारच होता, त्याशिवाय मीटर मिळाले नसते. मीटरच्या खोलीतून निघालेली लोखंडी पट्टी भिंतीला धरून खाली उतरत होती, पायाशी वळत होती आणि अंगणात शिरत होती. ती वाकून पट्टीमागून चालत राहिली. खालच्या पोरांना वाटलं काकूंचं काही हरवलंय. चाफ्याच्या आळ्यापर्यंत पट्टी गेली, आणि तिथे करवतीने कापलेली होती. पुढे झेंड्याचा चौथरा. तीन पायऱ्यांचा, सव्वीस जानेवारी तोंडावर आली म्हणून कालच गेरू दिलेला. चौथऱ्याच्या मधोमध जाड लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला, आणि त्या पाइपात झेंड्याची काठी बसवलेली.

ती चौथऱ्यापाशी उभी राहिली आणि तिला आधी हसूच आलं. जमिनीत खोल पुरलेला, अजिबात न हलणारा, अगदी मोक्याच्या जागी उभा असलेला फुकटचा पाइप. राऊतांना तो सापडला असणार. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात, उन्हाळ्यात पाणी ओतायला ठेवलेला अर्थिंगचा पाइप. त्यांनी त्याची आडवी आलेली पट्टी कापून टाकली, भोवती चौथरा बांधला, आणि पंधरा ऑगस्टला सगळी सोसायटी त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. कोणाचा हेतू वाईट नव्हता. राऊतांनी तर सिमेंट स्वतःच्या पदरचं घातलं होतं, त्या दिवशी पोरांना लाडू वाटले होते. एरवी वर्षभर त्या काठीला गोधड्यांची दोरी बांधलेली असे. इतक्या चांगल्या माणसांनी इतक्या चांगल्या मनाने आपल्याच बायकामुलांच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती, आणि तिच्यावर गेरू फासला होता. हसू ओसरलं आणि तिला इतका संताप आला की चाफ्याची फांदी धरून ठेवावी लागली.

फ्रेडरिक आला तेव्हा ती अजून तिथेच होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात बारीक क्रूस, अंगाला अत्तराचा वास. हर्षवर्धन वरून मशीन खाली घेऊन आला, फडक्यात गुंडाळून, अगदी जावयाला निरोप द्यावा तसा. फ्रेडरिकने ते हातात घेतलं आणि तिला आवडावं असं हाताळलं, वायरी न ओढता, बटणं उगाच न दाबता. "एकदम नव्यासारखं ठेवलंत, मॅडम."

"चालवून दाखवते," वसुंधरा म्हणाली. तिने त्याला मीटरच्या खोलीत नेलं, आधी आतल्या बाजूचा आकडा दाखवला. मग कापलेल्या पट्टीपाशी आणलं. मग दोन खिळे जमिनीत ठोकून झेंड्याच्या पाइपाचा आकडा घेतला. तो चांगला निघाला. खड्डा कोरडा पडूनही अजून जिवंत होता, नुसता बिल्डिंगशी त्याचा संबंध तोडलेला होता. फ्रेडरिकने कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि चौथऱ्याभोवती एक फेरी मारली.

"चौथरा फोडायला लागेल," तो शेवटी म्हणाला. "आतून पाइपाला क्लॅम्प मारून पट्टी परत जोडायची. एका दिवसाचं काम आहे."

"मग?"

"मग काय, मॅडम? सोसायटीचं काम सोसायटीने करायचं." तो थोडा घुटमळला. "खरं सांगू का, राग मानू नका. आम्हीसुद्धा शंभर घरांना बल्बच लावतो. हे मशीन मला का हवं? वसईत आता मॉल येतायत, त्यांचा कन्सल्टंट आकडा मागतो म्हणून. मला त्याची किंमत वसूल आहे. तुमच्याकडे आकडा कोण मागतंय?"

कोणी नाही. हे इतकं सरळ होतं की तिला त्याच्याबद्दल आदरच वाटला. हर्षवर्धन जे महिनाभर गोड बोलून सांगत होता ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. मशीन चांगलं की वाईट, महाग की स्वस्त, हा प्रश्नच नव्हता. आकडा मागणारं माणूस नसेल तिथे जगातलं सगळ्यात महागडं मशीनही पैठणीत गुंडाळून ठेवायच्या लायकीचं.

राऊत बाहेर आले, हातात वर्तमानपत्र. वसुंधराने त्यांना पट्टी दाखवली, पाइप दाखवला. त्यांचा चेहरा उतरला, नाही असं नाही. चौथऱ्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं की तिला क्षणभर वाईट वाटलं. पण चेअरमन लवकर सावरले. "बरं झालं लक्षात आणून दिलंत, वहिनी. बघू आपण. सव्वीस तारीख होऊन जाऊ दे. झेंड्याच्या तोंडावर चौथरा फोडला तर लोक काय म्हणतील? मग मार्चमध्ये जनरल बॉडी आहे, तिच्यात विषय घेऊ. आणि खरं सांगायचं तर," त्यांनी आवाज खाली आणला, "इतकी वर्षं झाली, काही झालं का?"

काही झालं नव्हतं, हे खरंच होतं. काही झालं की मग ती खरी ठरणार होती. म्हणजे खरं ठरायला तिला एक म्हातारी लागणार होती, किंवा लतिका, किंवा लतिकाची नात. तिरडी उचलताना राऊत तिच्याजवळ येऊन म्हणाले असते, वहिनी, तुम्ही म्हणाला होतात खऱ्या. असलं खरेपण चुलीत जाऊ दे, तिला वाटलं. मला आज खरं ठरायचंय, रविवारी दुपारी, सगळ्यांच्या चुलीवर मटण शिजत असताना, सगळे धडधाकट असताना. आईच्या वेळी मी बरं म्हणून गप्प बसले. टेबलाशी बसून जन्मभर बरं म्हटलं. मशीन द्यायलाही बरं म्हणाले. तिला भीती वाटत नव्हती, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं. फ्रेडरिकने खिशातून जाड पाकीट काढून हर्षवर्धनपुढे धरलं होतं. हर्षवर्धन तिच्याकडे बघत होता, तिच्या बरंची वाट बघत.

ती वळली आणि मीटरच्या खोलीत गेली. मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. झाकण उघडलं, चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसले, पदरात घातले. डोक्यावरची सगळी बिल्डिंग एकदम गप्प झाली. टीव्ही थांबले, मिक्सर थांबले, गच्चीवर पाणी चढवणारा पंप उसासा टाकून थांबला. मग ती बाहेर आली, फ्रेडरिकच्या हातून मशीन काढून घेतलं, झेंड्याच्या चौथऱ्यावर गेली आणि मधल्या पायरीवर बसली. कालचा गेरू साडीला लागला. लागू दे.

आधी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. लोडशेडिंगची सगळ्यांना सवय होती. रोज तास न् तास लाईट जायची आणि लोक निमूटपणे पंखे घेऊन गॅलरीत बसायचे. पण रविवारी जात नसे, आणि समोरच्या बिल्डिंगीत टीव्ही चालू होता. डोकी बाहेर येऊ लागली. मॅच चालू होती. "काय झालं हो?" "वसुंधराकाकूंनी बंद केली!" "मुद्दाम?" "फ्यूज पदरात घेऊन बसल्यात!" बातमी वरवर चढत गेली आणि माणसं खाली उतरत आली. ती त्यांच्याकडे बघत होती. हेच चेहरे काल हसत होते, टाळ्या वाजवत होते. आज कोणी हसत नव्हतं, याचा तिला उघड उघड आनंद झाला.

"वहिनी, हा काय पोरखेळ?" राऊत म्हणाले. "आणि झेंड्याच्या चौथऱ्यावर बसलात?"

"पोरं रोज बसतात. गोधड्याही वाळतात. मी बसले तर काय बिघडलं?"

"फ्यूज द्या इकडे."

"देते. पहार आणा, चौथरा फोडा, पट्टी जोडा, मी आकडा घेते, आणि मग लगेच देते. सव्वीस तारखेला अजून दहा दिवस आहेत, नवा बांधून होईल. सिमेंट माझं."

"आणि नाही फोडला तर?"

"तर नाही. इथे ऊन चांगलं येतं."

मागून कोणीतरी म्हणालं, बाईचं डोकं फिरलंय, नोकरी गेल्यापासून असंच आहे. ते तिला ऐकू आलं. तिने त्या आवाजाच्या दिशेने बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "दोनशे चाळीस. माझ्या घरचा दोनशे चाळीस आहे. पाचच्या आत पाहिजे. तुमचा किती आहे?" तिने दुसऱ्याकडे बघितलं. "तुमचा किती आहे?" मग स्वप्नाकडे. "तुझ्या सासूबाईंच्या नळाचा किती आहे, स्वप्ना?" प्रश्न साधा होता, भाजीचा भाव विचारावा तितका, पण प्रत्येकाने तो आपल्याला विचारला जाऊ नये म्हणून नजर चुकवली. स्वप्ना मात्र चुकवू शकली नाही. ती दोन पावलं पुढे आली. "खरंच, काकू, आमचा किती असेल हो?" तिने हळूच विचारलं.

कोणीतरी आकडा मागितला होता. वसुंधरा पायरीवर बाजूला सरकली आणि तिने स्वप्नाला शेजारी जागा करून दिली.

हर्षवर्धन गर्दीतून वाट काढत जवळ आला. त्याच्या हातात अजून ते पैठणीचं फडकं होतं. तो वर चल म्हणणार असं सगळ्यांनाच वाटत होतं, तिलाही. पण तो नुसता उभा राहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे असा बघत होता, की पुढे ही काय म्हणेल ते त्याला खरोखरच माहीत नाही. "वसू," तो म्हणाला, "फ्रेडरिक थांबलेत. त्यांना काय सांगू?"

तेवढ्यात राऊतांचा धीर सुटला. "पुरे झालं. मी विजेच्या बोर्डाला फोन करतो. ते लोक येऊन उठवतील तुम्हाला इथून."

"करा ना, राऊतभाऊ, आत्ता करा," वसुंधरा म्हणाली आणि तिने मशीन मांडीवर नीट घेतलं. "आणि सांगा, येताना त्यांचं मशीन घेऊन या म्हणावं. माझं हे मी कोणालाही देणार नाही."